शिवणींतील माया

कपडा बेततांना शिंपी देहाच्या मापाइतकेंच कापड कधीं कापीत नाहीं. शिवणीच्या आंतल्या अंगास तो बोट-दीड बोट कापड जास्त राखून ठेवितो. ह्या राखलेल्या कापडास मराठींत 'माया' म्हणतात. पुढें अंग भरलें, बाळंतपण झालें, वय वाढलें, म्हणजे जुनी शिवण उसवावयाची, आंतली माया बाहेर सोडावयाची, आणि तोच कपडा पुनः त्याच देहावर चढवावयाचा. दुसऱ्या भाषांत ह्या पट्टीला कोरडें, हिशेबी नांव असेल. मराठी शिंप्याला मात्र त्यासाठीं आईच्या घरचा शब्द सुचला. देह वाढणार हें त्यानें कातर हातीं घेण्यापूर्वींच गृहीत धरलें होतें.

स्थूल अंगाच्या स्त्रीनें आपले कपडे आपणच शिवावे, आणि तेहि वापरलेल्या, जुन्या कापडांतून शिवावे, ही गोष्ट आज कांहीं जणांस नवलाईची वाटते. शहरांतल्या तरुण मुलींत हा छंद अलीकडे दिसूं लागला आहे, आणि त्यास परदेशी फॅशनीचें अनुकरण म्हणून नाक मुरडणारेहि आहेत. परंतु ह्या गोष्टीचें मूळ शोधूं गेल्यास तें आजीच्या ट्रंकेंत सांपडतें. कोल्हापूर हें शहर अशा शोधास सोईचें आहे. एक तर तें पैलवानांचें गांव. भरल्या अंगाचा तेथें कधीं संकोच नव्हता, निदान पुरुषांच्या बाबतींत तरी नव्हता. शिवाय सूत, माग, शिंपी आणि जुना बाजार हीं सर्व त्या एका परिसरांत हाताशीं आहेत.

पूर्वींच्या मराठी पोषाखांत मापाचा प्रश्न जवळ जवळ नव्हताच. नऊ वारी लुगडें मागावरून उतरतें तें कोणाच्याहि मापाचें नसतें, म्हणून तें सर्वांच्या मापाचें असतें. सडसडीत मुलगी तें नेसली कीं निऱ्या अधिक येतात. तीच मुलगी चाळिशींत अंगानें सुटली कीं निऱ्या चार कमी येतात. फरक एवढाच. लुगडें तेंच, नेसण तीच, आणि फरक झालेला शेजारणीच्याहि ध्यानांत येत नाहीं. धोतराचें तसेंच, फेट्याचेंहि तसेंच. बालगंधर्वांची नेसण पाहून महाराष्ट्रांतल्या बायका लुगडीं नेसावयास शिकल्या, असें सांगतात. त्या नटश्रेष्ठाचा देह उत्तर वयांत चांगलाच स्थूल झाला होता; परंतु नेसणीची ऐट त्यामुळें उणावली नाहीं, ह्याचें थोडें श्रेय तरी न शिवलेल्या वस्त्रास द्यावयास हवें.

जे कपडे शिवलेले असत, त्यांतहि सैलपणाची सोय मूळ बेतांतच केलेली असे. बाराबंदीस बटनें नाहींत, बंद आहेत. बंद जवळ बांधावे कीं लांब बांधावे हें ज्याचें त्यानें ठरवावें. अंगरख्याच्या घेरांत कळ्या घालीत. घेर वाढवावयाचा तर कळ्या वाढवावयाच्या. गुळेदगुड्डहून येणाऱ्या खणाची चोळी पुढें गांठ मारून घालीत, आणि गांठ ही कितीहि आवळतां व सोडतां येते. तिच्या काखेखालीं एक लहान तुकडा आडवा बसवीत, त्यामुळें हात वर नेतांना चोळी उसवत नसे. परकराला नाडी. 'अंगापेक्षां बोंगा मोठा' अशी एक म्हण आहे, ती ढगळ कपड्याची थट्टा करते खरी. पण अंगापेक्षां बोंगा लहान असूं शकेल, ही कल्पना त्या म्हणीच्या कर्त्यास शिवलीहि नव्हती.

राजर्षि शाहू छत्रपति स्वतः धिप्पाड, भव्य देहाचे पुरुष. त्यांच्या प्रोत्साहनानें उभारलेलें खासबागेचें कुस्तीचें मैदान १९१२ सालीं तयार झालें, आणि कोल्हापूरच्या तालमींना नवें वैभव आलें. तालमींतून तयार झालेल्या देहासाठीं सदरा बेतणें ही एक वेगळी विद्या आहे. मान रुंद, मुंढा खोल, दंडघेर भला मोठा, आणि कंबर त्या मानानें आटोपशीर. अशा देहास नेहमींच्या सदऱ्याचा नुसता मोठा नमुना चालत नाहीं. गळा बसला तर बाही अडते. बाही सैल केली तर खांदा ओघळतो. सबंध सदराच त्या एका माणसासाठीं नव्यानें विचार करून बेतावा लागतो. कोल्हापुरांतला चांगला शिंपी हें काम कौतुकानें करी, आणि गिऱ्हाईकहि छाती फुगवून माप देई. तेंच कौतुक त्या पैलवानाच्या आईच्या किंवा बहिणीच्या वाट्यास कितपत येई, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

कारण मधल्या काळांत स्त्रियांचा पोषाख बदलला होता. चोळीच्या जागीं पोलकें आलें, पुढें ब्लाऊज आला. गांठ गेली व आकडे आले. नऊ वारीच्या जागीं पांच-सहा वारी पातळ आलें, आणि आंत परकर सक्तीचा झाला. आकड्यास एकच जागा असते. तो तेथें पोंचतो किंवा पोंचत नाहीं. देहाचें माप इंचांत बोलूं लागलें तें तेव्हांपासून. माप घेणारा शिंपी पुरुष, दुकान भर रस्त्यावर, आणि फीत छातीभोंवतीं धरून तो आंकडा मोठ्यानें सांगणार, शेजारचा पोऱ्या तो वहींत लिहिणार! ह्या प्रसंगांतून बायकांनीं आपली एक युक्ति काढली. नीट बसणारें एक जुनें पोलकें 'मापाचें' म्हणून बाजूस ठेवावयाचें, आणि नव्या कापडाबरोबर तेंच शिंप्याकडे पाठवावयाचें. ही रीत आजहि चालूं आहे. तिच्यांत खोट एकच: देह बदलतो आणि मापाचें पोलकें बदलत नाहीं. दर दोन वर्षांनीं शिंपी तेंच जुनें माप उतरवितो, आणि घट्ट झाल्याचा दोष मात्र अंगावर येतो.

ह्यावर खरा तोडगा म्हणजे कातर आपल्या हातीं घेणें. आयझॅक सिंगर ह्याच्या शिवणयंत्राचें पेटंट १८५१ सालचें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हें यंत्र हप्त्यानें मिळूं लागल्यामुळें मध्यम स्थितींतल्या घरांतहि शिरलें. पुण्यास १९०९ सालीं रमाबाई रानडे ह्यांच्या पुढाकारानें सेवासदनाचें काम सुरू झालें, तेथें प्रौढ स्त्रियांस जें शिकवीत त्यांत शिवणकामास मोठें स्थान होतें. हेतु पोटाचा होता: विधवेनें, परित्यक्तेनें कोणाच्या तोंडाकडे न पाहतां चार पैसे मिळवावे. परंतु बेतणें एकदां हातीं आलें म्हणजे आपल्या देहाविषयीं दुसऱ्यास विचारावें लागत नाहीं, हा त्याचा दुसरा लाभ, आणि तो कांहीं लहान नव्हे. यंत्रांविषयीं गांधीजींचें मत सर्वांस ठाऊक आहे. पण १९२४ सालीं झालेल्या एका संवादांत त्यांनीं शिवणयंत्रास अपवाद म्हणून मोकळीक दिली. पत्नीचे शिवतांना होणारे कष्ट पाहून सिंगरनें प्रेमापोटीं तें यंत्र केलें, असें ते म्हणाले. सिंगरचें खरें चरित्र पाहतां त्याचें प्रेम एका घरांत मावणारें नव्हतें. तथापि यंत्राविषयींचा निवाडा तेवढ्यानें खोटा ठरत नाहीं.

आतां जुन्या कापडाकडे वळावयास हवें. ह्या विषयांतला सर्वांत श्रीमंत भाग तोच आहे.

लुगडें सगळीकडे सारखें झिजत नाहीं. बसण्या-उठण्यानें मधला भाग विरतो. दोन्ही टोंकें आणि कांठ शाबूत राहतात. मग विरलेला भाग कापून टाकावयाचा व दोन्ही चांगलीं टोंकें एकमेकांस जोडावयाचीं. ह्या जोडणीस 'दंड घालणें' म्हणतात. दंड घातलेलें लुगडें नेसणें हें गरिबीचें लक्षण मानलें जाई. पण नेसणारी हुशार असली तर दंड निऱ्यांत असा लपवी कीं पाहणाऱ्यास पत्ता लागूं नये. लहान भोंक पडलें तर रफू, मोठें पडलें तर ठिगळ. दंडालाहि तें दाद देईना, तेव्हां त्याचे परकर, झबलीं आणि टोपडीं होत. त्यांतूनहि उरलेलें वाकळींत जाई. कोल्हापूरकडे गोधडीस वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून बायका उन्हांत बसून तिला धांवदोरा घालीत, आणि नवऱ्याच्या धोतरापासून मुलीच्या परकरापर्यंत घरांतल्या सर्वांचे कपडे तिच्यांत एकत्र निजत.

जें घरांत उपयोगाचें नसे तें बोहारणीकडे जाई. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारीं येते, जुनें पातळ उजेडाकडे धरून पाहते, आणि तासभर घासाघीस झाल्यावर एखादें पातेलें देऊन जाते. घरधनीणीस वाटतें आपण तिला फसविलें. बोहारणीस पक्कें ठाऊक असतें कीं कोण फसलें. पुढें ती तें कापड धुवून, शिवून, घडी घालून जुन्या बाजारांत विकते. पातेलें देणाऱ्या त्या बाईच्या कष्टावर कापडाचा हा दुसरा जन्म चालतो, आणि तिला त्याबद्दल आदरानें कोणीं बसा म्हटल्याचें क्वचितच ऐकूं येतें.

स्थूल अंगाच्या स्त्रीस हें जुनें कापड विशेष सोईचें कां, ह्यास कारणें आहेत. दुसऱ्याचा शिवलेला कपडा तिला सहसा उपयोगी पडत नाहीं. कारण त्यांतून जास्तींत जास्त त्याच्या मायेइतकेंच कापड निघतें. परंतु जुनें पातळ म्हणजे अखंड कापड. पांच वारांत ब्लाऊज, सदरा, झगा, जें हवें तें ऐसपैस निघतें, आणि विरलेला भाग चुकवून बेत मांडावयासहि जागा राहते. नवें सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें, म्हणून शिवण्यापूर्वीं तें पाण्यांत भिजवून घ्यावें लागतें. जुनें जेवढें आटावयाचें तेवढें आटून चुकलेलें असतें. त्याचा रंग जावयाचा तेवढा गेलेला असतो. शिवाय तें मऊ झालेलें असतें, आणि ज्यांच्या काखेंत व मांड्यांत उन्हाळ्यांत कापड घासतें त्यांस मऊपणाची किंमत सांगावी लागत नाहीं.

कापड भरपूर मिळेल असा काळ मात्र नेहमींच नव्हता. दुसऱ्या महायुद्धांत भाव इतके भडकले कीं सरकारनें १९४३ च्या जून महिन्यांत कापड व सूत ह्यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढला, आणि पुढें ठिकठिकाणीं कापडाचें माणशीं वांटप सुरू झालें. इंग्लंडांत कपड्यांचें रेशनिंग १ जून १९४१ रोजींच आलें होतें. दोन्ही पद्धतींत एक फरक होता, तो सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. इंग्लंडांत प्रौढांच्या तयार कपड्यास कूपनें नगावर लागत. झगा रुंद असो कीं अरुंद, कूपनें तितकींच. आपल्याकडे कापड मुख्यतः वारावर. ज्या बाईच्या ब्लाऊजास अर्धा वार जास्त लागे, तिला तो कोणाच्या तरी वांट्यांतून घ्यावा लागे, आणि घरच्या बाईनें असा प्रसंग आला कीं आपलाच वांटा तोडावा ही तर रीतच. अशा वेळीं आजीच्या ट्रंकेंतलें विटकें लुगडें म्हणजे ठेव होती. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं त्या दिवसांतलें एखादें पोलकें असेल, त्यांनीं तें उलटून पाहावें. आंत तीन निरनिराळ्या कापडांचे तुकडे सांपडतील.

त्याच वर्षीं, १९४३ सालीं, कोल्हापूरच्या वेशीवर एक अपूर्व वस्ती उभी राहिली. वळिवडे येथें पोलंडमधल्या निर्वासितांची छावणी झाली. सुमारें ५,००० माणसें, त्यांत बहुतेक बायका व मुलें. रशियांतल्या हद्दपारींतून सुटून हे लोक १९४२ सालीं इराणच्या पहलवी बंदरांत उतरले, तेव्हां उवा व टायफस ह्यांच्या धास्तीनें त्यांच्या अंगावरचे कपडे जाळून टाकण्यांत आले होते. त्यानंतर अंगावर जें आलें तें दानाचें, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी मापाचें. उपासानें हाडांस चिकटलेला देह पुनः भरूं लागतो, मुलें वीत वीत वाढतात, आणि दानाचा कपडा आज ढगळ तर उद्यां तोकडा होतो. सुई-दोरा अशा जागीं चैनीचा विषय राहत नाहीं. ही छावणी १९४८ पर्यंत चालली. पोल गेले, आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत सिंध सोडून आलेलीं कुटुंबें राहावयास आलीं. त्या वस्तीचें नांव गांधीनगर. जे लोक हातीं कांहीं न घेतां आले, त्यांनीं तेथें कापडाचा व्यापार मांडला, आणि आज कोल्हापूर-सांगलीकडची बाई लग्नाचा बस्ता बांधावयास गांधीनगर गांठते. तेथून पूर्वेस थोड्या अंतरावर इचलकरंजी. विठ्ठलराव दातार ह्यांनीं १९०४ सालीं तेथें पहिला यंत्रमाग बसविला. कोल्हापुरांत शाहू मिलचा पाया १९०६ सालीं घातला गेला. मागावरचें शिल्लक कापड, ठाणाच्या शेवटचे तुकडे, ज्यास बाजारांत 'कटपीस' म्हणतात, तें ह्या पट्ट्यांत स्वस्त मिळत आलें आहे. आणि काटकसरी शिवणारणीस जुन्या लुगड्याच्या खालोखाल आवडतें तें हेंच.

इतकें सर्व हाताशीं असतां प्रश्न उत्पन्न झाला तो तयार कपड्यांनीं. तयार कपडा आधीं होतो व देह मागाहून येतो. महाद्वार रस्त्यावर दुकानदार गादीवरून एक नजर टाकतो आणि घडी उलगडण्यापूर्वींच सांगतो, 'ताई, तुमच्या मापांत येत नाहीं.' चार लोकांदेखत ऐकलेलें हें वाक्य घरीं येईपर्यंत बदलतें. 'कपडा लहान आहे' ह्याचें 'मी मोठी आहे' असें होतें. मग लग्नकार्याचीं आमंत्रणें टळूं लागतात, फोटोंत मागच्या रांगेंत उभें राहणें सुरू होतें. लुगड्याच्या राज्यांत असें घडत नव्हतें.

अमेरिकेंत हा प्रश्न आधीं आला, कारण तयार कपडे तेथें आधीं आले. लिथुएनियांतून आलेली लेना ब्रायंट नांवाची तरुण विधवा न्यूयॉर्कमध्यें पोटासाठीं शिवी. नवऱ्यानें दिलेलीं कर्णभूषणें गहाण टाकून तिनें यंत्र घेतलें होतें, असें सांगतात. १९०४ च्या सुमारास तिनें दुकान मांडलें, तें प्रथम गरोदर बायकांच्या कपड्यांमुळें नांवारूपास आलें. पुढें तिचा दुसरा पति आल्बर्ट मालसिन, जो इंजिनिअर होता, त्यानें सुमारें ४,५०० गिऱ्हाइकांचीं मापें घेतलीं, विमा कंपनीकडची सुमारें २,००,००० स्त्रियांची माहिती त्यांस जोडली, आणि असें दाखविलें कीं जाड बायका एकाच घाटाच्या नसतात. त्यांचे निदान तीन प्रकार आहेत. कोल्हापूरच्या पैलवानाच्या शिंप्यानें हेंच विमा कंपनीवांचून ओळखलें होतें. १९३९-४० मध्यें अमेरिकन सरकारनें सुमारें १५,००० स्त्रियांच्या देहांचीं पन्नासाहून अधिक मापें घेतलीं; त्यांतून निघालेल्या कोष्टकांत केवळ गोऱ्या स्त्रियाच धरल्या होत्या. आपल्या दुकानांतल्या कपड्यांवरचे क्रमांक पुष्कळ काळ अशाच परक्या कोष्टकांवर चालले आहेत. भारतीय देहांचीं मापें घेण्याचा 'इंडियासाइझ' हा उपक्रम राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनें २०१८ सालीं जाहीर केला. सहा शहरांतून २५,००० माणसें मोजण्याचा तो संकल्प. सहांत मुंबई आहे, कोल्हापूर नाहीं.

मोठ्या मापाचा तयार कपडा पुष्कळदां बसत नाहीं, ह्याचें कारण सोपें आहे. कारखान्यांत सर्वच मापें एका प्रमाणांत वाढवितात. देह तसा वाढत नाहीं. मांस वाढतें, हाडें वाढत नाहींत. छाती, पोट व दंडघेर वाढला तरी खांद्याची रुंदी फारशी बदलत नाहीं. म्हणून असा कपडा पोटावर बसतो तेव्हां खांद्यावरून घसरतो. घरीं शिवणारी बाई ह्याच्या उलट जाते. खांदा आहे तेवढाच धरते, मुंढा खोल घेते, छातीला टक्स मोठे देते, काखेखालीं आजीच्या चोळींतला तोच आडवा तुकडा बसविते, आणि प्रथम वर्तमानपत्राच्या कागदावर बेत मांडून तो अंगाला लावून पाहते. कागद चुकला तर रद्दींत जातो. पुढें जुन्या पातळावर कातर चालते, तीहि दोन्ही बाजूंस दोन-दोन बोटें माया ठेवून.

चार-पांच वर्षांनीं तो ब्लाऊज पुनः यंत्रापाशीं येतो. ब्लेडच्या टोंकानें जुना टांका उसवला जातो, आणि शिवणीच्या आंत दडलेली पट्टी उजेडांत येते. बाकीचें कापड उन्हानें व धुण्यानें फिकें झालेलें असतें. पट्टीचा रंग मात्र पातळ पेटींतून काढलें त्या दिवशीं होता तसाच असतो. आणि नवी शिवण घातल्यावर दोन्ही कुशींना त्या जुन्या, गडद रंगाची एकेक रेघ दिसत राहते.